व्हर्लिन आमोटचा शॉर्टस्टॉप

"अरे, घेऊन जा की त्याला, आम्हाला काय करायचाय," असं व्हर्लिन आमोट एकदा म्हणाला. त्याला म्हणायचं होतं ते नेमकं याच्या उलट. पण आमच्या व्हेनबीत मनातलं जसंच्या तसं बोलणारा माणूस बाहेरगावचा समजला जातो, आणि व्हर्लिन तर जन्मापासून इथलाच.

मिनेसोटातल्या आमच्या या भागात प्रत्येक गावाचा बेसबॉल संघ असतो. व्हर्लिन आमच्या संघाचा मॅनेजर. पोटासाठी विहिरींचे पंप दुरुस्त करायचा. उंच, जरासा कललेला, वादळानंतर सरळ करायचा राहून गेलेल्या खांबासारखा. फार आनंद झाला तर म्हणायचा, "वाईट नाही." बायको मार्लिस गेली तेव्हा चर्चच्या दारात म्हणाला, "याहून वाईट होऊ शकलं असतं," आणि जमलेल्या सगळ्यांना कळलं की माणूस आतून कोसळलाय.

तर, आमच्याकडे चेंडू टाकायला पिचर नव्हता. म्हणजे लेस्टर होता. लेस्टर गावातल्या मयतांची व्यवस्था बघतो. त्याने टाकलेला चेंडू इतका सावकाश यायचा की समोरच्या फलंदाजाला मधल्या वेळात आपल्या आयुष्याचा विचार करता यायचा. मी कॅचर, फलंदाजाच्या मागे उकिडवा बसलेला; मला तर तेवढ्या वेळात गुडघे चोळून घेता यायचे. "माझ्या धंद्यात कुणालाच घाई नसते," लेस्टर म्हणायचा. सामना संपला की तोच सगळ्यांत जास्त मेल्यासारखा दिसायचा.

आमच्याकडे होता तो कोल्बी. आमचा शॉर्टस्टॉप. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधून तो चेंडूच काय, उंदीरही जाऊ द्यायचा नाही. ऐन विशीतला पोरगा, व्हर्लिनच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायचा. संध्याकाळी तळघरात उतरून भिंतीवर चेंडू मारत बसायचा. थप्प. थप्प. व्हर्लिन वर वर्तमानपत्र धरून ओरडायचा, "भिंत पाडशील!" आवाज थांबला की थोड्या वेळाने जिन्यापाशी जाऊन विचारायचा, "का रे, दमलास?" मग पुन्हा थप्प. मार्लिसनंतर त्या घरात तेवढाच एक आवाज होता.

शेजारच्या सोल्हाइम गावात सगळं आमच्या उलट. त्यांच्याकडे चांगले पिचर दोन, आणि शॉर्टस्टॉपच्या जागी दातांचा एक ढेरपोट्या डॉक्टर, ज्याला खाली वाकलं की वर यायला माणूस लागायचा. त्यांचा मॅनेजर ड्वेन स्कोगर्बो, बियाणं विकणारा. त्याने वेड नावाचा आपला पिचर देऊ केला. बदल्यात कोल्बी. आणि आमच्या स्पर्धेचा नियम असा की ज्या गावाकडून खेळायचं, त्याच गावात झोपायचं. म्हणजे कोल्बी गेला की त्याची गादीही गेली.

गावभर तोलमोल सुरू झालं. हार्डवेअरच्या दुकानात लोक खिळे घ्यायला यायचे आणि मत देऊन, खिळे विसरून जायचे.

"देऊन टाक," लेस्टर हात जोडायचा. "माझी सुटका कर. माझं गिऱ्हाईक मला विचारतंय, तू कधी येतोस."

"तू गप रे, मेल्या," व्हर्लिनची बहीण आर्डिस म्हणायची. ती संघाचा गुणफलक सांभाळायची आणि संघालाही. "कोल्बी अजून पंधरा वर्षं खेळेल. त्या वेडचा खांदा कधी निखळेल सांगता येत नाही. दुभती गाय देऊन छत्री आणायची का?"

"पण पाऊस तर आत्ता पडतोय ना, बाई!"

व्हर्लिन दोघांचं ऐकायचा. म्हणायचा, "पिचरचा खांदा म्हणजे पंपच. आतलं वायसर कधी जाईल कळत नाही." एवढंच. घर रिकामं होईल, असं कोण म्हणणार? ते काही बेसबॉलमधलं कारण नव्हतं.

शेवटी त्याला युक्ती सुचली. आमच्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे: कुणी काही देऊ केलं की दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. कॉफी असो की जुनी बोट. व्हर्लिन ड्वेनला दोनदाच विचारणार होता. ड्वेन रीतीप्रमाणे दोनदा नको म्हणेल, आणि व्हर्लिन गप्प बसेल. मग गावात सांगायला मोकळा: मी तर देत होतो, त्यालाच नको.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात बैठक ठरली. आर्डिसने कॉफी ओतली, लिंबाच्या वड्यांची ताटली मधोमध ठेवली. हवापाण्यावर बोलून झालं. डासांवर बोलून झालं.

"मग, तो कोल्बी," व्हर्लिन म्हणाला. "हवा असेल तर बघ."

"छे छे, तुमचा पोरगा. नको," ड्वेन म्हणाला.

"नाही, खरंच. तुमच्या कामाला येईल."

"नको रे. तुमचं कसं होणार?"

झालं. दोनदा. आता फक्त तोंड मिटून बसायचं होतं. आर्डिसने सुटकेचा निःश्वास टाकला. लेस्टरने मान टाकली. तळघरात अशी शांतता पसरली की कॉफीच्या भांड्याची वाफ ऐकू यावी. ड्वेन वाट बघत होता. साठ वर्षांच्या सवयीला ती शांतता सहन होईना. व्हर्लिनचं तोंड आपोआप उघडलं.

"अरे, घेऊन जा की त्याला, आम्हाला काय करायचाय."

व्हर्लिनचे कान लाल झाले. वाक्य टेबलावर पडलं होतं, आणि तो त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचं असावं तसा पाहत होता.

"बरं बाबा," ड्वेन म्हणाला, "तू एवढं म्हणतोयस तर." आणि त्याने हात पुढे केला. हात मिळवला की सौदा पक्का. मग देवही मोडत नाही.

"व्हर्लिन," आर्डिस दात आवळून म्हणाली, "काहीतरी बोल ना रे."

पण बोलून काय होणार? दिलेलं परत मागायचा शब्दच आमच्या बोलण्यात नाही. लेस्टरच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग चढत होता.

ताटलीत एक वडी उरली होती. शेवटची. शेवटची वडी आमच्याकडे कुणी घेत नाही. तिचे अर्धे करतात, अर्ध्याचे पाव, आणि उरलेला चुरा तसाच वाळून जातो. माझ्या माहितीत व्हेनबीत आजवर कुणी अख्खी शेवटची वडी उचललेली नव्हती.

व्हर्लिनने उचलली. उजव्या हाताने. अख्खी.

आर्डिसच्या हातातला चमचा खाली पडला. ड्वेनचा हात तसाच हवेत. व्हर्लिनची बोटं लिंबाच्या पाकाने चिकट झालेली. असा हात कुणी कुणाशी मिळवत नाही. त्याने वडी कागदी रुमालात नीट गुंडाळली, बाळाला गुंडाळावं तशी.

ड्वेन बराच वेळ त्या पुडीकडे बघत राहिला. "पोराला लिंबाची आवडते का?" त्याने विचारलं.

व्हर्लिनने मान डोलावली.

ड्वेनने हात मागे घेतला आणि पँटला पुसला, चिकटलेलं काही नसताना. "मग राहू दे तुमच्याकडेच," तो म्हणाला. "आमचा डॉक्टर तसा वाईट नाही. वाकायचंच तेवढं राहतं."

"म्हणजे पुढच्या रविवारी पुन्हा मीच?" लेस्टर कळवळून म्हणाला.

व्हर्लिनने टोपी डोक्यावर चढवली, पुडी कोटाच्या खिशात सरळ राहील अशी ठेवली, आणि जिना चढून निघून गेला.