सहा नंबरच्या टेबलावरची भाकरी

“मॅडम, गरम हाय तवर खावा की,” सहा नंबरच्या टेबलामागून स्वराली म्हणाली. अकरा वर्षांची मुलगी, सकाळच्या पहिल्या एसटीने आईबरोबर श्रीपूरहून आलेली. ताटात ज्वारीची टम्म फुगलेली भाकरी आणि शेंगांची आमटी होती.

“कॅमेरा येऊ दे गं,” मी म्हणाले.

आमच्या शहरातल्या एका छोट्या टीव्ही वाहिनीने सात रस्ता चौकाजवळचा एक हॉल भाड्याने घेऊन लहान मुलांची स्वयंपाकाची स्पर्धा ठेवली होती. मी परीक्षक. केटरिंग कॉलेजात अठ्ठावीस वर्षं शिकवून रिटायर झालेली आणि तिखट जिभेसाठी विद्यार्थ्यांत प्रसिद्ध. दुसरे परीक्षक एक हॉटेलमालक होते. ते माझ्या कागदात डोकावून आकडा लिहायचे. सहा मुलांतून चौघं फायनलला जाणार होती. फायनलला श्रीपूरच्या साखर कारखान्याच्या कॉलनीतली, त्यांच्या शेजारपाजारची मंडळी गाडी करून येणार आहेत, असं स्वरालीच्या आईने मला सकाळीच सांगून टाकलं होतं.

टीव्हीवर दिसतं की वेळ संपली, घंटा वाजली आणि परीक्षकांनी घास तोंडात टाकला. तसं नसतं. मध्ये ‘ब्यूटी शॉट’ असतो. म्हणजे प्रत्येक ताट मोठ्या लाइटखाली ठेवून त्याचं जवळून शूटिंग करायचं. एका ताटाला सात-आठ मिनिटं, आणि सगळी ताटं झाल्याशिवाय चव घ्यायची नाही.

कॉलेजच्या प्रॅक्टिकलला मी खिशात चमचा ठेवून ओट्याओट्याने फिरायचे. पदार्थ झाला की तिथंच चव. सूप गार दिलं म्हणून मी पोरं नापास केली आहेत. त्यामुळे मला कळलं नाही, असं म्हणायची सोय नाही.

मी डायरेक्टरला गाठलं. “निखिल, गरम पदार्थ आधी चाखून घेते. मग काढा तुमचे शॉट.”

“मोडलेली भाकरी दाखवू का मॅडम? आणि नियम सगळ्यांना सारखाच आहे की.”

सारखाच होता. पण बाकी टेबलांवर केक, कस्टर्ड, सँडविच असलं काहीबाही होतं. पाऊण तास थांबून त्यांचं काही बिघडत नव्हतं. नियम सगळ्यांना होता, पण भोगायचा एकट्या स्वरालीने होता. मला ते स्पष्ट दिसत होतं. पण जेवणाची वेळ टळून गेली होती आणि वाद घालायचा कंटाळा आला. मी खुर्चीत जाऊन बसले.

थोड्या वेळाने स्वराली स्वतःच आली. “मॅडम, थोडं पीठ ठेवलंय. तुमी खाताना एक ताजी टाकू का? दोन मिंटं लागत्यात.”

“घंटा वाजली की हात वर. नियम म्हणजे नियम.”

“बरं,” म्हणाली आणि गेली.

अखेर सहाव्या टेबलाचा नंबर लागला. भाकरीच्या कडा वर वळल्या होत्या, आमटी घट्ट होऊन तिच्यावर पापुद्रा धरला होता. मी तुकडा मोडायला गेले तर तो तुटेना. कॅमेरा चालू होता. मी म्हणाले, “तुझ्या घरी दातांचे डॉक्टर आहेत का गं कुणी?”

सगळा हॉल हसला. निखिलने अंगठा दाखवला. सगळे हसतात म्हणून स्वरालीही हसली. मला तेव्हा बरं वाटलं, हेही सांगून टाकते. चवीला मी दहापैकी चार दिले. हॉटेलमालकांनीही चारच दिले. त्या आकड्यांवर ती पाचवी येत होती.

आवराआवर चालू असताना मागून भाकरी थापल्याचा आवाज आला. उरलेलं पीठ वाया जाऊ नये म्हणून स्वराली परातीत भाकरी थापत होती आणि आई तव्याजवळ उभी होती. लाइटवाली माणसं हातावरच भाकरी घेऊन खात होती.

“तुमी बी घ्या की मॅडम,” आई म्हणाली.

मी उभ्यानेच खाल्ली. वरचा पापुद्रा खरपूस, आत मऊ, सगळीकडे सारखी भाजलेली. माझ्या कॉलेजात तीन वर्षं शिकलेल्या पोरांना अशी भाकरी जमत नव्हती. नऊ मार्कांची होती. आणि मार्कांचा कागद अजून माझ्या पर्समध्येच होता. निखिलला हाक मारून “माझं चुकलं, पुन्हा चव घ्यायची” एवढंच म्हणायचं होतं. पण सगळ्यांसमोर विनोद करून बसलेली बाई मी. हात धुतले, कागदावर सही केली आणि देऊन टाकला. स्वराली फायनलबाहेर गेली.

पुढे महिनाभर वाहिनीच्या जाहिरातीत माझं ते दातांच्या डॉक्टरांचं वाक्य वाजत होतं. भाजीवालासुद्धा ते मला म्हणून दाखवायचा.

दुसऱ्या वर्षी बोलावणं आलं तेव्हा मी अट घातली. गरम पदार्थ तयार झाला की टेबलावर जाऊन लगेच चाखणार, शॉटसाठी मुलांनी दुसरं ताट लावायचं. निखिल कुरकुरला, पण स्पर्धेच्या फॉर्मवर तसं छापलं. मी खिशात चमचा घेऊन गेले.

स्वराली आली होती. तिने बिस्किटांचं पुडिंग केलं होतं, वर चेरी.

“फॉर्म वाचलास ना गं? आता गरम पदार्थ लगेच चाखतो आम्ही.”

“व्हय, वाचला की.”

“मग भाकरी का नाही केलीस?”

तिने चेरी नीट मध्यावर सरकवली. “परत सगळी हसली तर?”

माफी मागायला हवी होती. तीही कॅमेरा चालू आहे म्हणून राहिली.

पुडिंग बरं होतं. चवीला सात दिले. ती फायनलला गेली आणि कॉलनीची गाडीही आली. परीक्षकाने ताट गरम असताना खावं आणि विनोद घरी ठेवून यावं, एवढं मी आता नव्या परीक्षकांना सांगते. त्यातलं पहिलं फॉर्मवर छापता येतं. भाकरी मात्र त्या स्पर्धेत पुन्हा कुणी केली नाही.