शुद्ध स्पॅनिशची माझी पारख

स्पॅनिशमधलं मला ओ की ठो कळत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं ते स्पॅनिशची मोठी जाणकार असल्याच्या थाटात केलं.

लेकीनं नववीला स्पॅनिश घेतलं. शाळा दुबईत ऊद मेथाला, घर शारजाला. येण्याजाण्यातच पोरगी दमून जायची आणि वर्गात स्पॅनिशच्या नावानं नुसती बोंब. म्हणून शिकवणी शोधली. बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी एक नंबर दिला, मी मेसेज केला आणि शनिवारी पाचच्या ठोक्याला बेल वाजली. दारात एक उंच आफ्रिकन बाई. मी म्हटलं, "यस?" ती हसून म्हणाली, "स्पॅनिश." आणि मी काय करावं? तिच्या खांद्यावरून मागे बघितलं, शिकवणारी बाई कुठे आहे म्हणून. मागे कुणी नव्हतं, नुसती लिफ्ट होती.

ती इक्वेटोरियल गिनीची. हा देश आहे हेच मला ठाऊक नव्हतं. तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिनं सांगितलं की त्यांच्याकडे शाळा स्पॅनिशमध्ये, कोर्ट स्पॅनिशमध्ये, नवराबायकोची भांडणंही स्पॅनिशमध्ये. तिकडे ती अकरा वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होती. इथे दुबईत एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते. मी काय केलं, तर तिच्या तोंडासमोर मोबाइलवर नकाशा उघडून खात्री करून घेतली. तिनं निमूटपणे बोट ठेवून आपला देश दाखवला. मला इथे कुणी "मराठी म्हणजे हिंदीच ना?" असं विचारलं की अंगाचा तिळपापड होतो. पण ते दुसऱ्यानं केलं तर! आपला तो बाब्या.

तिची शिकवायची पद्धत वेगळीच होती. पुस्तक उघडायच्या आधी पंधरा मिनिटं रेडिओ. मोबाइलवर जगातली स्टेशनं लागतात, त्यातलं दर शनिवारी एक. मी स्वयंपाकघरात ऑर्डरच्या चकल्या तळत असायची, फराळाचा धंदा आहे माझा, आणि बाहेरून आवाज यायचे. मेक्सिकोत तेव्हा सकाळचे सात वाजलेले असत; तिथला माणूस गाद्यांची जाहिरात अशी करायचा की वाटावं घराला आग लागलीय. अर्जेंटिनाचे दोघे फुटबॉलवरून एकमेकांना बोलू देत नसत. बोलिव्हियातलं एक डोंगरातलं स्टेशन होतं, तिथली बाई हळूहळू, मधेच दम खात बटाट्याचे भाव सांगायची. क्युबाच्या एका स्टेशनवर बातम्यांच्या मागे सतत घड्याळाची टिकटिक. मायामीचे लोक अर्धं वाक्य इंग्रजीत टाकायचे, म्हणजे थेट आमच्या घरातलं मराठीच. एकदा तर अल्जीरियाच्या वाळवंटातल्या निर्वासितांच्या छावणीचा कार्यक्रम लागला. आधी अरबी, मग स्पॅनिश. आणि माद्रिदची बातम्या देणारी बाई होती, कडक इस्त्रीची. ती मला फार आवडायची. का, ते विचारू नका. कळत तर काहीच नव्हतं.

लेक रंगली. टीचरला ती 'प्रोफे' म्हणायची, तिकडे शिक्षकांना लाडानं म्हणतात तसं. पण एकच शब्द टीचर कधी असा म्हणायची, कधी तसा. कुठला 'स' गिळायची, कुठला जिभेच्या टोकानं काढायची. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. एका शनिवारी चहाचा ट्रे ठेवता ठेवता मी विचारलंच, "टीचर, पण यातलं शुद्ध कुठलं?"

ती म्हणाली, "ज्याच्याशी बोलायचं, त्याचं."

लेक खळखळून हसली. मला नाही हसू आलं. मला वाटलं, हिला येत नाही म्हणून ही टोलवतेय.

आता हे मी म्हणावं! मी मालवणकडची. 'खंय' आणि 'कित्याक' बोलत वाढले. लग्न होऊन पुण्याला गेले तेव्हा सासूबाई पाहुण्यांसमोर माझं वाक्य थांबवून दुरुस्त करायच्या, आणि पाहुणे कौतुकानं हसायचे. दोन वर्षांत मी जीभ घासूनपुसून लख्ख केली. आज आईचा फोन आला तरी मी तिला पुस्तकी मराठीत उत्तर देते, आणि ती बिचारी सावरून बोलायला लागते. त्या जाचाची चव घेतलेली मी. तरी मला शुद्ध हवं होतं.

मग एका शनिवारी शिकवून झाल्यावर टीचर माझ्याकडे स्वयंपाकघरात आली. बर दुबई भागातल्या एका भाषा शिकवणाऱ्या क्लासनं तिची मुलाखत घेतली होती. त्यांना आवडली होती ती. फक्त कुणातरी पालकाशी फोनवर बोलून ते ठरवणार होते. तिचा हॉटेलचा करार महिन्याभरात संपत होता. हे जमलं तर पुन्हा फळ्यासमोर उभी राहीन, नाही जमलं तर आणखी दोन वर्षं इस्त्री, असं ती म्हणाली. बोलताना तिनं बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत वाफेनं पोळल्याचे डाग. "मॅडम, तुमचा नंबर देऊ?"

"अहो, विचारता काय! नक्की द्या. होऊन जाईल, इन्शाल्ला," मी म्हटलं. आणि मनापासून म्हटलं हो.

फोन मंगळवारी दुपारी आला. लेकीला सर्दी झाली होती म्हणून ती घरीच होती, जेवणाच्या टेबलाशी. फोनवर आपल्याकडचाच कुणी माणूस, हिंदीत बोलत होता. टीचर कैसी है? मी म्हटलं, बहुत अच्छी, टाइम की एकदम पक्की. मुलीला गोडी लागली, तेही सांगितलं. इथवर सगळं ठीक होतं. मग तो म्हणाला, "और उच्चार कैसा है मॅडम? हमारे पेरेंट्स स्पेनवाला माँगते हैं."

इथे मी एवढंच म्हणायचं होतं की बाबा रे, मला स्पॅनिश येत नाही. संपला विषय. पण कुणीतरी माझं मत विचारत होतं ना! धंदा चकल्यांचा, आणि मत विचारतात स्पॅनिशवर. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "देखिए, प्यूअर स्पॅनिश तो नहीं है," मी म्हटलं. "थोडा आफ्रिकन टच है. और रेडिओ बहुत बजाती हैं."

"समझ गया," तो म्हणाला. "अच्छा हुआ आपने बता दिया."

फोन ठेवला आणि खरं सांगते, मिनिटभर मला बरं वाटलं. आपल्या शब्दाला वजन आहे असं वाटलं. मग वळले तर लेक माझ्याकडे बघत होती.

"आई, डिड यू जस्ट से दॅट?"

"खरं तेच सांगितलं."

"हाऊ वुड यू नो?"

मी तिला म्हटलं, औषध घे आणि झोप. दुसरं काय म्हणणार?

शनिवारी टीचर आली ती दारातच विचारत आली, फोन आला का? मी म्हटलं, आला ना, मी खूप कौतुक केलं तुमचं. लेक आतल्या खोलीत होती. तिनं ऐकलं असणार. आमच्या घराच्या भिंती काही जाड नाहीत. पुढच्या आठवड्यात क्लासचा नकार आला. "माझा पासपोर्ट बघून असेल," टीचर म्हणाली, "नाहीतर चेहरा बघून." मी च्‌ च्‌ केलं. तिनं हॉटेलच्या करारावर पुन्हा दोन वर्षांसाठी सही केली. मला वाटलं होतं, आता ती इथे येणं तरी बंद करेल आणि मी सुटेन. पण ती येतच राहिली.

महिन्याभरापूर्वी तिनं मला हाक मारली. "मॅडम, आज तुम्ही पण बसा." माझे हात भाजणीच्या पिठानं भरलेले होते, तशीच येऊन बसले. त्या दिवशी तिच्या गावचं, मालाबोचं स्टेशन होतं. तिथे दुपारचे दोन. परदेशी गेलेले लोक आपल्या आवाजात निरोप पाठवतात आणि तिकडे घरची माणसं रेडिओभोवती बसून ऐकतात, असा काही कार्यक्रम. एक माणूस बोलला, एक बाई रडली, आणि मग मोबाइलमधून टीचरचा आवाज यायला लागला. समोर खरी टीचर ओठांवर बोट ठेवून हसत होती. "आईला सांग काय म्हणतेय ते," ती लेकीला म्हणाली.

लेक एकेक वाक्य सांगत गेली. "ममा, द जॉब डिडन्ट हॅपन. डोन्ट क्राय. आय अ‍ॅम नॉट अलोन हिअर." मग ती जरा अडखळली. "देअर इज अ लेडी. शी टोल्ड देम आय अ‍ॅम अ गुड टीचर. नोबडी एल्स स्पोक फॉर मी. प्लीज प्रे फॉर हर."

आवाज संपला, पुढचा माणूस सुरू झाला. टीचरचे डोळे भरले होते. तिनं पुढे होऊन माझे दोन्ही हात धरले, पिठासकट. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. इंग्रजीही सुचेना. मी लेकीला मराठीत म्हटलं, "अगं, त्यांना सांग, त्यात काय एवढं."

लेकीनं रेडिओ बंद केला.

"नो," ती म्हणाली. "यू टेल हर."

मी उठले आणि चहा टाकला. त्यानंतर चार शनिवार झाले. अजून सांगितलेलं नाही.