सैनिकाचं काम कुणी करायचं

शेजारची मुलगी मला सैनिकाचं काम द्यायला आली तेव्हा मी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होतो. मुलगी म्हणजे चाळिशीची बाई, दोन पोरांची आई. पण ती मला 'अम्मो' म्हणायची, म्हणजे काका, म्हणून ती मुलगी. इथे कॅनडात, लव्हालमधल्या त्यांच्या पॅलेस्टिनी मंडळाच्या हॉलमध्ये ती एक नाटक बसवत होती. नाटकात लष्कराचा नाका होता, नाक्यावर लोकांची रांग होती, फक्त सैनिक मिळत नव्हता.

"कुणी तयारच होत नाही, अम्मो. एक जण झाला होता, तर त्याच्या आईनं त्याच्याशी बोलणं टाकलं."

"मग मी कसा चालेन?"

"तुम्हाला मिशी आहे. आणि तुमची आई आमच्या मंडळात नाही."

माझ्या अभिनयाबद्दल इतका वस्तुनिष्ठ अभिप्राय मला आधी कुणी दिला नव्हता. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकात मी वर्षानुवर्षं हवालदार होत आलो होतो. शेवटच्या अंकात येऊन "चला चौकीवर" म्हणायचं आणि पडदा पडायची वाट बघायची. बायकोला ही बढती सांगितली, तर ती म्हणाली, "तुम्ही अडवणार लोकांना? तुम्हाला दारावर आलेला खिडक्या विकणारा अडवता येत नाही."

खरं कारण मुलीनं नंतर आमच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. नाटक तिच्या वडिलांसाठी होतं. ते तिकडे शाळेत व्याकरण शिकवत. सगळे त्यांना 'उस्ताज' म्हणत, म्हणजे आपले मास्तर. त्यांचा धाकटा भाऊ शेजारच्या गावात वारला. गाव चालत जाण्याच्या अंतरावर, मध्ये नाका. मास्तर मातीला निघाले, आणि नाक्यावरच्या पोरसवदा सैनिकानं त्यांचं ओळखपत्र बघून त्यांना परत पाठवलं. ते घरी आले, कपडे बदलले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. पुढे मुलीनं त्यांना इकडे आणलं. तेव्हापासून ते खिडकीशी बसून असत. भावाचा विषय निघाला की हवामानाबद्दल बोलत, आणि कॅनडात तो विषय कधी संपत नाही.

"ते एकदा रडले असते तरी चाललं असतं," ती म्हणाली. "निदान नाटक बघायला येऊ देत. एवढंच हवंय मला."

नाटकानं माणसं बरी होतात यावर माझा विश्वास नव्हता. आमच्या मंडळात तर नाटकानंतर काही जण एकमेकांशी बोलायचे बंद झाले होते. मुलीच्या मंडळाला ग्रँटच्या अटीमुळे नाटकातून उपचार करणाऱ्या एक तज्ज्ञ बाई मिळाल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना गोल उभं केलं आणि मऊ आवाजात सांगितलं, "डोळे मिटा आणि झाड व्हा." सगळे ऑलिव्हचं झाड झाले. मग कुणाच्या गावचं तेल चांगलं यावर झाडांचं असं जुंपलं की बाई पुन्हा आल्या नाहीत.

आमच्या मंडळात फूट पडायला जेवणाचं कंत्राट पुरतं. त्यांच्याकडे फूट पडायला खरीखुरी कारणं होती, तरी तेही बहुधा जेवणावरूनच भांडत. फरक तिकडून येणाऱ्या फोनचा होता. तालमीत कुणाचा फोन वाजला की सगळे गप्प होत. रस्ता उघडलाय, मावशी दवाखान्यातून घरी पोचली, असं काही कळलं की पुन्हा सुरू.

तालमीत मला दोनच शब्द होते. 'हविय्ये', म्हणजे ओळखपत्र दाखव. आणि 'इर्जा', म्हणजे मागे फिर. माझं अरबी अगदीच मोडकं होतं, पण तो सैनिकही तसंच बोलतो असं सगळ्यांनी सांगितल्यामुळे तेवढी एक गोष्ट अस्सल ठरली. बाकी सगळंच चुकत होतं. मी लोकांना ओळखपत्र परत देताना सॉरी म्हणत असे.

"सॉरी काय? तुम्ही काय बँकेत बसलाय का?"

"त्याच्याकडे बघू नका हो. त्याच्या मागे बघा."

"कागद उलटा धरा. वाचता येत नाही असं दाखवा."

"माझ्या वेळचा तर सफरचंद खात होता. यांना सफरचंद द्या रे कुणीतरी!"

रांगेतला प्रत्येक जण या विषयात पारंगत होता. एकेकाचा सैनिक निघे, त्याची नक्कल होई, आणि लोक पोट धरून हसत. ही माणसं कशाला हसताहेत हे लक्षात आलं की मला सफरचंद गिळवत नसे.

मुलीनं वडिलांना तालमीला आणलं ते संहितेतलं व्याकरण तपासायला. या आमिषाला ते बळी पडले. मागच्या खुर्चीत बसून त्यांनी सगळ्यांच्या क्रियापदांची हजेरी घेतली. माझा "इर्जा" त्यांनी तीनदा सुधारला. मग उठले, माझ्या हातातून बंदूक, म्हणजे मॉपचा दांडा, काढून घेतला आणि माझ्या जागी बसले.

"आधी बोलायचंच नाही," ते म्हणाले. "पुढचा!"

पुढचा आला. मास्तरांनी ओळखपत्र घेतलं आणि बुटाच्या नाडीकडे बघत बसले. नाडी सोडली, पुन्हा बांधली. मग न बघता कागद परत केला. "इर्जा." आवाज चढला नव्हता. हॉलमध्ये त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी सूचना केली नाही.

अशा रीतीनं मला बढती मिळाली, की बदली. सैनिक मास्तर झाले, आणि मी भावाच्या मातीला निघालेला माणूस. मला एकच वाक्य होतं, "माझा भाऊ गेला." ते व्याकरणदृष्ट्या बिनचूक होईपर्यंत मास्तरांनी घोटून घेतलं. तो भाऊ कुणाचा, हे त्यांनीही काढलं नाही आणि मीही नाही.

मुलगी मात्र धास्तावली. "अम्मो, ते रोज स्वतःलाच परत पाठवताहेत. यानं बरं वाटतं की बिघडतं?"

"मी पूल बांधायचो गं," मी म्हटलं. "मला विचारू नकोस."

प्रयोगाच्या दिवशी आधी मंडळाच्या अध्यक्षांचं भाषण झालं. प्रत्येक मंडळाला एक असा अध्यक्ष असतो, आणि मला वाटतं तो एकच माणूस असून गाडीनं फिरत असतो. "थोडक्यात सांगतो," असं त्यांनी चारदा सांगितलं. पाचव्यांदा म्हणाले तेव्हा नाक्यावर बसलेल्या मास्तरांनी मॉपचा दांडा आपटला आणि ओरडले, "पुढचा!" हॉल हसून आडवा झाला. अध्यक्षसुद्धा हसले आणि, मोठी गोष्ट म्हणजे, बसले.

मग रांग सरकू लागली. एकेक जण परत फिरला. माझी पाळी आली. "माझा भाऊ गेला," मी बिनचूक म्हटलं. मास्तरांनी ओळखपत्र घेतलं. नाडीला हात लावला नाही. कागद उलटा धरला, सुलटा केला आणि वाचू लागले. त्या कागदावर वाचण्यासारखं काही नव्हतं, ते आमच्या घरचं ग्रोसरीचं कुपन होतं. तरी ते वाचत राहिले. विंगेतून मुलगी कुजबुजली, "इर्जा, बाबा, इर्जा."

"जा," मास्तर म्हणाले.

मी थांबलो. नाक्यापलीकडचं काही लिहिलेलंच नव्हतं. तिथे काळा पडदा आणि खुर्च्यांची चळत होती.

"जा, म्हटलं ना!"

मी नाका ओलांडला आणि पडद्याकडे तोंड करून उभा राहिलो. आयुष्यात इतका बेकार अभिनय मी केला नसेल. मग मागे खुर्ची सरकली. मास्तरांनी दांडा जमिनीवर ठेवला, ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले, आणि त्यांचे खांदे हलू लागले. आवाज येत नव्हता. हॉलला वाटलं हाही नाटकाचा भाग. मग एकेकाला कळत गेलं.

पहिल्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या बाई उठल्या, गुडघे धरत पायऱ्या चढल्या आणि मास्तरांचा हात हातात घेऊन समाचाराला आल्यावर बोलतात तसं काही बोलल्या. त्यांच्यामागे दुसऱ्या आल्या. मग खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या. आतून कुणीतरी बिनसाखरेची कॉफी आणली, ती त्यांच्याकडे अशा वेळी देतात. मुलगी विंगेतून येऊन वडिलांच्या पलीकडे उभी राहिली. मी तिथून सटकायला बघत होतो, पण रांग माझ्या बाजूनंच येत होती.

एका बाईंनी मला खालीवर न्याहाळलं आणि इंग्रजीत विचारलं, "तुम्ही मयताचे कोण?"

मी तोंड उघडायच्या आत मास्तर डोळे पुसत माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हा म्हणजे मीच."

बाईंना यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी आधी मास्तरांचा हात हातात घेतला आणि मग माझा.