दादांचा पाय आणि बोटीचा डेक

आमच्या जेटीवर चार माणसं जमली आणि एखाद्याच्या तोंडून ‘रंग’ एवढा शब्द निघाला, की संपलं! अर्धा तास गेलाच. एकजण एक किस्सा सांगतो, दुसरा म्हणतो, “थांब, तू मधलाच सोडलास,” आणि चहा थंड होतो. बेलापूरच्या खाडीवर आमचं गाव. नव्वदनंतरची तीन वर्षं आम्ही एकच काम केलं असं वाटतं. बोटीचा डेक न घसरणारा करणं!

कारण आमचे दादा. म्हणजे माझे वडील. तीस वर्षं त्या फळ्यांवर अनवाणी नाचलेला माणूस, एका सकाळी मावऱ्याच्या, म्हणजे मासळीच्या, पाण्यावरून सटकला. खुबा गेला. आत रॉड घातला, हातात काठी आली.

हॉस्पिटलातून घरी आणलं त्या दिवशीच आईनं फर्मान काढलं, “डेकवर मी सोता चालून बगीन. माजा पाय सरकला नाय, तरच तुमी चढायचं!”

आता आमच्या बायका मावरा विकतात, जाळी विणतात, पण बोटीवर पाय ठेवत नाहीत. त्यामुळे ती कधीच चढणार नाही, म्हणजे दादाही नाही, हे सगळ्यांना कळलं. दादा रोज सकाळी जेटीच्या दगडावर येऊन बसायचे आणि बोट वळणाआड जाईपर्यंत बघायचे. नंतर रिकाम्या पाण्याकडेही बघत राहायचे. मला ते बघवायचं नाही, खरं सांगतो.

*

पहिली आयडिया माझा चुलतभाऊ पद्या याची. तेव्हा नेरूळला जिकडे तिकडे बिल्डिंगा उठत होत्या. पद्यानं तिथून घमेलंभर रेती आणली, ऑइलपेंटमध्ये कालवली आणि अख्ख्या डेकवर फासली. वाळल्यावर काय पकड! पाणी ओता, तेल ओता, पाय हलायचं नाव नाही.

दुसऱ्या दिवशी हिरामनकाका बोट घेऊन गेले. दादांचे धाकटे भाऊ, आता तेच बोट चालवायचे. दिवसभर गुडघ्यांवर बसून जाळं ओढलं आणि संध्याकाळी जेटीवर उतरले ते दोन्ही गुडघे सोलून!

“पद्या, हा डेक हाय का खवनी?” काका ओरडले. “नारल आन रं घरातून! खवून देतो!”

*

मग म्हटलं, विकतचंच आणू. वाशीला दुकानात गेलो. टाय लावलेल्या पोरसवदा सेल्समननं गुळगुळीत कागदावरचे फोटो दाखवले. पांढऱ्याशुभ्र बोटी, गोरी माणसं. नंबर एक नॉनस्किड रंग, पाय घसरणारच नाही, म्हणाला. हिरामनकाकांनी कागदावरून बोट फिरवून विचारलं, “गुडघ्याला लागंल का?”

“गुडघ्याला कशाला लागेल? सगळे डेकवर शूज घालतात ना!”

“बोटीवर?”

“हो. तुम्ही काय घालता?”

काका उभे राहिले. “तुमी देवघरात बूट घालून जाता काय?” आणि चालायला लागले. मला त्या पोराला थँक्यू म्हणायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

*

मी तुर्भ्याला एका कारखान्यात होतो. तिथं फरशीला मारायचा दोन डब्यांचा रंग यायचा. एका डब्यात रंग, दुसऱ्यात तो कडक करणारा हार्डनर. साहेबांना विचारून उरलेला घरी आणला, वर रबराचा बारीक चुरा टाकायचा ठरवला. पद्याला बजावलं, “थोडं थोडं कालव. कालवलं की लगेच लाव.”

पद्या कसला ऐकतोय! एप्रिलचं ऊन, त्यात पठ्ठ्यानं दोन्ही डबे एकदम बालदीत ओतले आणि चहा प्यायला गेला. आला तर बालदीतून धूर! ब्रश मधोमध उभा. उपटायला गेला तर ब्रशसकट बालदी वर आली.

दादा दगडावरून सगळं बघत होते. म्हणाले, “बालदी काय आता घसरत नाय. डेकचं बग.”

सगळे हसले. दादाही हसले, पण लगेच पाण्याकडे बघायला लागले.

*

एका दुपारी आई बाजारात होती. मी जेटीवर आलो तर दादांनी काठी बाजूला ठेवलेली, चपला काढलेल्या, एका हातानं खांब घट्ट धरलेला आणि एक पाय बांधलेल्या बोटीच्या कडेवर! बोट हलली की पाय हलत होता. डोळे मिटलेले.

“दादा! आई काय बोलली?”

“चढू नको बोलली. मी कुटं चढलोय? दुसरा पाय हाय ना जेटीवर!”

मी आईला सांगितलं नाही.

*

शेवटी युक्ती सुचवली दादांनीच. तरुणपणी दोन हंगाम मिठागरात राबलेले. “ओल्या रंगावर जाडं मीठ पेरा. रंग सुकला की पान्यानं धुवा. मीठ जाईल, खड्डे ऱ्हातील. पायाला लागनार नाय आनि सरकनार पन नाय.”

मे महिन्यात बोट किनाऱ्यावर ओढलेली होती. रंग मारला, मीठ पेरलं, जेवायला घरी गेलो. परत येतो तर डेकवर गावातल्या सात बकऱ्या! मीठ चाटून चाटून साफ, रंगभर खुरांचे ठसे आणि एकीची दाढी हिरवी!

पद्या कपाळाला हात लावून खाली बसला. दादा मात्र खूश. घरी जाऊन आईला म्हणाले, “सात बकऱ्या चढल्या, एक पन घसरली नाय!”

आईनं भाकरी थापता थापता सांगितलं, “बकरीला चार पाय हायत. तुमाला दीड.”

*

डेक परत खरवडला, परत रंगवला, परत मीठ पेरलं. या वेळी राखणीला काठी घेऊन स्वतः दादा बसले. धुतल्यावर हात फिरवला तर आंबोळीवर असतात तसे बारीक खड्डे. मऊ आणि तरी धरणारे.

नारळीपुनवेला चार दिवस होते. बोट पाण्यात उतरवून जेटीला बांधली होती, हिरामनकाका इंजिन पुसत होते. दादा नेहमीच्या दगडावर. आणि कुणी बोलावलेलं नसताना आई आली. कमरेला पदर खोचलेला, डोक्यावर मावऱ्याची पाटी.

आईनं चपला काढल्या, बोटीला हात लावून नमस्कार केला आणि चढली. पाटीत उरलेलं मावऱ्याचं सगळं बुळबुळीत पाणी डेकवर ओतलं. मग रिकामी पाटी पुन्हा डोक्यावर ठेवून, हात सोडून, चालायला लागली.

एक पाऊल, दोन पावलं. दादा काठीवर रेलून उभे राहिले होते. आई पार पुढच्या टोकाला पोचली. एकदाही सरकली नाही.

आणि तिथंच थांबली. आमच्याकडे पाठ करून, खाडीकडे तोंड करून. वळेचना.

दादांना राहवेना. “काय गो? सरकतंय का?”

आईनं पाटी खाली ठेवली आणि पाय पसरून तिथंच बसली.

“तीस वरसं या बोटीचा मावरा विकला,” ती म्हणाली. “पान्यावरून आपला गाव कसा दिसतो, मला कवा कोनी दावला नाय.”

मग मागं न बघताच हिरामनकाकांना म्हणाली, “भावजी, इंजिन चालू करा.”

इंजिन फटफटलं. दादा जेटीच्या कडेला तसेच उभे. तेव्हा कुठं आईनं मान वळवली.

“आवो, चढता का? का मी एकलीच जाऊ?”