रंगूबाईच्या माहेरचा हिलॉक

रंगूबाई ही माझी धाकटी जाऊ. तिचे माहेर जत तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेलगत. माझे माहेर कराडजवळ. कुंडल येथे आम्ही दोघी एकाच घरात नांदलो. तिच्याविषयी लिहिताना मी खरे तेच लिहिणार आहे, आणि खरे हे आहे की मला तिचा हेवा वाटतो.

ती लग्न होऊन आली तेव्हा तिला उसातले काम ठाऊक नव्हते. तिच्या माहेरी पावसावरची ज्वारी आणि थोड्या शेळ्या. रागावली की ती कानडीत बोलत असे आणि सासूबाईंना त्याचे हसू येत असे. ती टेकडीला ‘गुड्डा’ म्हणे. तेवढ्यानेसुद्धा घर हसायचे. स्वयंपाक मी करीत असे आणि जेवताना सर्वांचे लक्ष तिच्या बोलण्याकडे असे.

गेल्या वर्षी माझी नात प्रांजल हिने गावातील वयस्कर स्त्रियांसाठी संध्याकाळचा वर्ग सुरू केला. आम्ही दोघीही त्यात बसू लागलो. अक्षरे झाली, जोडाक्षरे झाली, नंतर काही इंग्रजी शब्दही आले. प्रांजल माझी सख्खी नात आहे. वर्गाच्या कार्यक्रमात एका बाईने स्वतःचे लेखन माइकवर वाचायचे होते. ती बाई मी असावे, अशी माझी फार इच्छा होती.

एके दिवशी प्रांजलने ‘हिलॉक’ हा शब्द शिकवला. ती म्हणाली, “हिलॉक म्हणजे लहान टेकडी. आजूबाजूला सपाट आणि मधेच एक उंचवटा, तो हिलॉक. मोठी टेकडी असेल तर हिल म्हणायचं. आणि मोठ्या डोंगराच्या पायथ्याला ज्या टेकड्यांच्या रांगा असतात, त्या फूटहिल्स. आता प्रत्येकीनं आपल्या ओळखीच्या जागेवर लिहायचं. जिचं चांगलं होईल तिनं ते कार्यक्रमात वाचायचं.”

मी पाटीवर काळजीपूर्वक लिहिले: ‘माझ्या माहेरचा हिलॉक फार उंच आहे. त्याच्यावरून सर्व मुलूख दिसतो.’

प्रांजलने वाचले. “आजी, फार उंच आहे तर हिलॉक कसा? त्याच्या पायथ्याला बारक्या टेकड्या असतील की. त्यांच्यावर लिही.”

“आमच्या डोंगराला सोडून मी बारक्यांवर कशाला लिहू?” मी म्हणाले.

रंगूबाई शेजारी बसून लिहीत होती. ती म्हणाली, “आवं आक्का, हितं काय सोयरीक जुळवायची हाय व्हय? बारकं म्हटलं म्हणून तुमचा डोंगर खचत न्हाई.”

सगळ्या बाया हसल्या. प्रांजलसुद्धा हसली. मी पाटी पुसली नाही. रंगूबाईच्या देखत माहेर लहान करणे मला जमले नाही.

मग रंगूबाईने आपले वाचून दाखवले: ‘आमच्या गावाला एक हिलॉक आहे. दुष्काळात मी त्याच्यावर उभी राहून टँकरची वाट बघायची. धुरळा दिसला की मी ओरडायची. मग सगळ्या बाया घागरी घेऊन पळायच्या. मी खाली येईपर्यंत रांग लागलेली असायची. मी शेवटी.’

प्रांजल तिच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, “रंगूआजी, हेच वाचायचं.”

“मग तुला पाणी मिळायचं का?” मी विचारले. माझा आवाज कोरडा होता, हे मला कळत होते.

“कवा मिळायचं, कवा न्हाई,” ती म्हणाली. “पर वरडायला मलाच लावायच्या. माझा आवाज लय मोठा.”

त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्या माहेरी विहीर कधी आटली नाही, याचे मला आयुष्यभर भूषण वाटत आले होते. आता वाटू लागले की मला सांगण्यासारखे काहीच घडले नाही. तिची तहानसुद्धा मला हवीशी वाटली. असा विचार करणे योग्य नाही, तरी मी तो केला.

कार्यक्रमाच्या आधी रंगूबाईच्या डोळ्याचे मिरजेत ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी काही दिवस वाचायचे नाही असे सांगितले. काळा चष्मा लावून, लिहिलेला कागद घेऊन ती माझ्यापाशी आली.

“आक्का, माझं तुमी वाचा.”

“प्रांजल वाचेल की.”

“ती पोरगी भराभरा वाचती. तुमचं वाचणं कसं ठसठशीत हाय.”

मी लगेच हो म्हणाले. माइक मला मिळणार होता. घरी मी ते अनेकदा वाचून पाहिले. एकाही अक्षरावर अडखळू नये, असे मला वाटे, कारण तेवढे वाचणेच माझे स्वतःचे असणार होते.

ग्रामपंचायतीच्या सभागृहात मी उभी राहिले आणि स्पष्ट वाचले. ‘मी शेवटी’ म्हणण्याआधी थोडी थांबले, जशी ती वर्गात थांबली होती. खूप टाळ्या झाल्या. मी समोर पाहिले, तर लोक मागे वळून दाराजवळच्या खुर्चीकडे पाहत होते. तिथे रंगूबाई बसली होती. एका बाईने तिला टँकरविषयी काही विचारले आणि ती हात हलवत सांगू लागली. प्रांजल तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

मी माइक जागेवर ठेवला आणि त्यांच्याकडे गेले.

रंगूबाई सर्वांना म्हणाली, “आमच्या आक्कांनी लय झ्याक वाचलं. माझ्यानं असं झालं नसतं.”

ती हे मनापासून म्हणाली. म्हणूनच ते मला अधिक लागले. “चल, डोळ्यांत औषध घालायची वेळ झाली,” एवढेच बोलून मी तिचा हात धरला आणि तिला गर्दीतून बाहेर काढले.