कम्प्युटरच्या पंख्याखालची मोहफुलं
मोहफुलांचा आंबूस-गोड वास आला की मला मूल गावातल्या आमच्या संस्थेच्या कार्यालयातला जुना कम्प्युटर आठवतो. शहरातल्या कुणाच्या तरी मुलाने गेम खेळून खेळून झिजवलेला, एका दात्याने आम्हाला पाठवलेला. त्यावर आम्ही जंगलगावांचे वनजमिनीचे दावे टाईप करायचो. सरकारकडे दावे द्यायला दोन दिवस उरले आणि तो दर दहा मिनिटांनी बंद पडायला लागला. रॅम खोडरबराने घासली, पॉवर सप्लाय बदलला, केबली काढून परत लावल्या, रात्रभर तेच. सकाळी वैतागून मी दात्याला खरमरीत पत्र टाकलं: आदिवासींना तुमचं भंगार नको. दुपारी रेडिओ दुरुस्त करणारे चाचा आले. त्यांनी प्रोसेसरवरचा पंखाच खोलला आणि हसले. "भाऊ, मशीन बराबर आहे. हिले कोणीतरी खाऊ घालून राह्यलं." पंख्याखाली मोहफुलांचा चिकट लगदा होता, त्यावर मुंग्या. दाव्यासाठी चार दिवसांपासून येऊन बसणारी म्हातारी बाई शांतपणे म्हणाली, "मीच टाकली वरच्या जाळीतून. आमच्यासाठी एवढी राबते, तिले उपाशी काऊन ठेवायचं?" लगदा खरवडला, मशीन चालली, संध्याकाळी तिचा दावा छापून तिच्या हातात दिला. माझं पत्र तोवर पोस्टाच्या गाडीतून निघून गेलं होतं. दात्याने उत्तर दिलं नाही, दुसरा कम्प्युटरही कधी आला नाही. रागाची पत्रं मी आजही लिहितो, फक्त टाकायला दुसऱ्या दिवशी जातो.