बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी

बाळंतिणीला वारा लागता कामा नये, हा आमच्या घरचा कायदा. तो राबवायला कोऱ्हाळ्याहून आत्या आली होती. मी माहेरी, पिंपळीला बाळंत झाले, लेक झाली आणि नेमकी कडाक्याची थंडी पडली. आत्यापुढं आईचं काही चालायचं नाही, त्यामुळे माझ्या खोलीचा कारभार आत्याच्या हाती गेला.

सकाळी आम्हा मायलेकींची अंघोळ, ओव्याची धुरी, मग शेक. कोळशाची शेगडी बाजेखाली सरकवायची, खिडकीवर गोधडी टाकायची, दाराच्या फटीत जुनं लुगडं कोंबायचं. शेगडी मात्र आत्या अंगणात पेटवायची. कोळसे लालबुंद झाले की म्हणायची, "आता धूर न्हाय. घ्या आत आन् दार लावा." धूर नाही म्हणजे धोका नाही, एवढंच तिचं शास्त्र.

मला अजून संताप येतो. ही रीत ज्या घरात चालली त्याला कौलं होती, फटीफटीतून वारं खेळायचं. आता डोक्यावर स्लॅब, खिडक्यांना सरकत्या काचा, मुंगी शिरायला जागा नाही. घर बदललं तरी शेगडी तीच! बाजेवरून लोंबणाऱ्या गोधडीचं टोक एकदा करपलं, तर आत्यानं तेवढं कात्रीनं कापलं आणि गोधडी परत अंथरली.

माझं डोकं ठणकायला लागलं, मळमळायला लागलं. आत्या म्हणाली, अशक्तपणा. मग म्हणाली, नजर लागली. मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या कुठं, तर त्याच शेगडीत.

एकदा शेक चालू असताना लेकीला पाजायला घेतलं. ती ओढेना. तळवे चोळले, गालावर टिचकी मारली, डोळे उघडेना. मी उठले तर पायांत त्राण नव्हतं. तिला छातीशी धरून भिंतीच्या आधारानं खिडकी गाठली, गोधडी ओढून काढली, काच सरकवली. आवाज ऐकून आत्या धावत आली.

"आगं, वारं लागंल पोरीला! लाव ती खिडकी!"

"लागू दे!" मी ओरडले आणि तिला बाजूला ढकलून लेकीला घेऊन अंगणात आले.

बारामतीच्या दवाखान्यात लेकीला ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लाल निखाऱ्यांतूनही विषारी वायू निघतो, त्याला ना वास ना रंग, बंद खोलीत माणूस झोपेतच जातो. संध्याकाळी लेक रडली तेव्हा मी तिच्याहून मोठ्यानं रडले.

घरी आल्यावर आळीतल्या बायका बघायला आल्या. आत्या त्यांना सांगत होती, "हिनंच खिडकी उघडली, पोरीला थंडी बाधली, म्हनून दवाखाना करावा लागला." बायका माना डोलावत होत्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सगळ्यांसमोर सांगितलं, पोरीला थंडीनं नाही, शेगडीनं मारलं असतं. आत्या हसली. "माझी चार बाळंतपनं शेगडीवरच झाली की. कोन मेलं?" पालथ्या घड्यावर पाणी.

त्या बायकांत एक सातव्या महिन्यातली होती. तिनं हळूच विचारलं, "मंग थंडीचं करायचं काय?"

मी म्हटलं, "बाळाला अंगाशी धर, कानटोपी घाल, दुपारी उन्हात बस. निखारा तेवढा घराबाहेर ठेव."

तिच्या सासूनं पदर सावरला आणि म्हणाली, "चल गं, उशीर झाला."